‘आमचं कुणी ऐकत नाही’: स्थानिक पर्यावरण समितीवरच्या नागरिकाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरपरिषदेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर तुमची नेमणूक झाली. वर्षभरात मोजक्याच बैठका झाल्या. तुम्ही तळ्याबद्दल आणि ओढ्याबद्दल पोटतिडकीने बोललात, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढे काहीच घडलं नाही. मानधन नाही, अधिकार नाहीत, आपण नुसते सल्ला देणारे. मग अशा समितीत राहण्यात अर्थ आहे का, आणि असेल तर ती चालवायची कशी?

मी बरीच वर्षं अशा समित्यांबरोबर काम करतो आहे. जैवविविधता समित्या, वृक्ष प्राधिकरणावरचे अशासकीय सदस्य, पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांच्या सनियंत्रण समित्या, तळं वाचवायला जमलेले मोहल्ल्याचे गट. माझं उत्तर आहे: राहा. मात्र बैठकीत छान बोलून कुठल्या समितीने काही पदरात पाडून घेतल्याचं मला आठवत नाही. ज्या समित्यांकडे स्वतः गोळा केलेली माहिती होती आणि दिलेल्या प्रत्येक सल्ल्याला लेखी उत्तर मागायची सवय होती, त्यांना मुख्याधिकाऱ्यांनी मोजलं, सर्वसाधारण सभेने मोजलं, वेळ आली तेव्हा न्यायालयानेही मोजलं. खालचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी तुमची कायद्यातली जागा. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने ही समिती स्थापन करायची आहे. म्हणजे नगरपरिषदेने तुमच्यावर उपकार केलेला नाही, तिने तिचं कर्तव्य केलं आहे. त्याच कलमात म्हटलं आहे की समितीच्या हद्दीतल्या जैविक संसाधनांच्या वापराबद्दल निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने आणि राज्य जैवविविधता मंडळाने समितीशी विचारविनिमय करायचा. व्यापारी कारणासाठी तुमच्या हद्दीतून वनस्पती वा इतर जैविक माल गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याची तरतूदही तिथेच आहे आणि कलम ४३ मध्ये स्थानिक जैवविविधता निधी आहे. ‘आम्हाला अधिकारच नाहीत’ हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं आहे. बांधकाम थांबवायचा अधिकार तुम्हाला नाही. पण विचारलं जाण्याचा हक्क आहे, आणि तो आपल्याकडे जवळपास कुणी वापरत नाही.

म्हणून पहिलं काम कागदाचं. तुमच्या नियुक्तीचा आदेश, समिती स्थापनेचा ठराव आणि समितीच्या कार्यकक्षेचा कागद, या तिन्हींच्या प्रती मागून घ्या. पुष्कळ ठिकाणी सदस्यांनी स्वतःचा नियुक्ती आदेश पाहिलेलाच नसतो. मुदत केव्हा संपते, सदस्य-सचिव कोण, बैठक किती महिन्यांनी घ्यायची, हे त्यातून कळतं. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणीसारख्या अधिसूचित क्षेत्रांत सनियंत्रण समित्यांचं मोठं दुखणं हेच आहे की मुदत संपते आणि नवी समिती नेमली जाईपर्यंत खुर्च्या रिकाम्या राहतात. डोंगर पोखरणारा माणूस त्या काळात थांबत नाही. आपली मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून फेरनेमणुकीचा विषय पत्रावर आणायचा, ही गोष्ट किरकोळ वाटते पण फार महत्त्वाची आहे.

आता इतिवृत्ताबद्दल, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीबद्दल. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण समित्या बहुतेक वेळा इथेच मरतात. बैठकीत तुम्ही म्हणता, “तळ्याच्या पश्चिमेच्या काठाला भिंत बांधू नका, तिथल्या उथळ पाण्यात पाणपक्षी चरतात.” इतिवृत्तात येतं: ‘तळ्याच्या सुशोभीकरणाबाबत चर्चा झाली.’ संपलं. तुमचा सल्ला सरकारी दप्तरात अस्तित्वातच नाही. आणखी वाईट म्हणजे पुढे कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं: समितीत चर्चा झाली होती, कुणीही हरकत घेतली नव्हती. तेव्हा तोंडी बोलण्यावर विसंबू नका. बैठकीला जाताना आपला मुद्दा पाऊण पानात लिहून न्या, दोन प्रती करा, एक सचिवांना द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. मुद्दा असा लिहा की त्याला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अमुक कारणाने नाही’ यांपैकी एक उत्तर द्यावंच लागेल. ‘तळ्याचे संवर्धन व्हावे’ याला कुणी उत्तर देत नाही, द्यायची गरजही नसते. ‘पश्चिमेच्या काठाची नियोजित भिंत वगळावी आणि तो काठ मातीचा व उताराचा ठेवावा’ याला उत्तर द्यावं लागतं.

पुढच्या बैठकीत पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करण्याचा असतो. बहुतेक सदस्य तेव्हा चहाची वाट पाहत असतात. तुम्ही तेव्हाच बोला. माझं म्हणणं नोंदलेलं नाही, ते नोंदवून मगच इतिवृत्त कायम करावं, असं शांतपणे सांगा. दुसरा विषय कायमचा ठेवून घ्या: मागील ठरावांवरील कार्यवाहीचा अहवाल. एका कोकणातल्या नगरपंचायतीत समितीने नुसती ही एक प्रथा पाडली. पहिल्या तीन बैठकांत ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच छापून यायचं. समितीने एक तक्ता केला: सल्ला काय, कोणत्या तारखेला दिला, कोणत्या विभागाकडे गेला, उत्तर आलं का. तो दर बैठकीत वाचला जायचा. रिकामे रकाने मोठ्याने वाचले जाऊ लागल्यावर अभियंत्यांना त्यांत काही तरी लिहावं लागलं, आणि लिहायचं म्हणजे फाईल उघडावी लागली. तिथला एक ओढा सिमेंटच्या गटारात बंद व्हायचा वाचला तो या तक्त्यामुळे. आंदोलन झालं नाही, कुणावर आरोपही करावे लागले नाहीत.

एकमत होत नसेल तर भिन्नमत नोंदवा. आपल्याकडे याचा फार संकोच असतो, ‘कशाला वाईटपणा घ्यायचा’ म्हणून. पण तीन ओळींचं, कारण देऊन लिहिलेलं भिन्नमत हा सल्लागार सदस्याचा सर्वांत टिकाऊ कागद आहे. दहा वर्षांनी प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं तर बाकी सगळी भाषणं हवेत विरलेली असतात, ते भिन्नमत मात्र फाईलमध्ये असतं.

झाडं तोडायला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाचं उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखं आहे. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानुसार प्राधिकरणावर लोकप्रतिनिधींबरोबर झाडांचं विशेष ज्ञान असलेले अशासकीय सदस्य घेता येतात. मुंबईत तसे तज्ज्ञच नाहीत हे नागरिकांनी उच्च न्यायालयाच्या नजरेस आणलं तेव्हा, २०१८ मध्ये, न्यायालयाने प्राधिकरणाला निर्णय घेण्यापासून रोखलं. जाणकार खुर्चीत नसतील तर निर्णयच होणार नाही, इतकं वजन त्या खुर्चीला मिळालं. मग तज्ज्ञ नेमले गेले. आणि २९ ऑगस्ट २०१९ ला मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतल्या २,६४६ झाडांचा, तोडण्याचा आणि पुनर्रोपणाचा, प्रस्ताव मंजूर झाला, त्यानंतर तज्ज्ञांपैकी दोघांनी राजीनामे दिले. ४ ऑक्टोबरच्या रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. राजीनाम्यामागची तळमळ मी समजू शकतो. पण मतदानाआधी वेळ मागणं, प्रत्यक्ष पाहणीची मागणी इतिवृत्तात चढवणं आणि कारणांसह विरोध नोंदवणं, ही साधनं मतदानाच्या अलीकडेच वापरता येतात. पलीकडे गेल्यावर राजीनाम्याने बातमी होते, झाड उभं राहत नाही. अशा प्राधिकरणावर जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे कळकळीने सांगतो: प्रस्ताव आयत्या वेळी टेबलावर आला तर ‘मला अभ्यासाला वेळ हवा, तोवर निर्णय नको’ हे वाक्य लेखी द्या.

यावरून वेळेचा मुद्दा. नगरपरिषदेचं कोणतंही काम आधी प्रशासकीय मान्यतेला जातं, मग सविस्तर अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, मग निविदा, शेवटी कार्यादेश. नागरिकांना काम कळतं ते जेसीबी आल्यावर, म्हणजे सगळं संपल्यावर. तेव्हा दिलेला सल्ला कितीही योग्य असला तरी अभियंता तो मान्य करू शकत नाही. करारातली बाब बदलायची तर त्यालाच लेखापरीक्षणात उत्तर द्यावं लागतं. सल्ला अंदाजपत्रक तयार होण्याच्या आधी पोहोचला पाहिजे. त्यासाठी वर्षाचं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवा. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होते, म्हणून तुमच्या मागण्या दिवाळीनंतर लगेच जायला हव्यात. नालेसफाई आणि फांद्यांची छाटणी पावसाच्या आधी होते, म्हणून कुठल्या ओढ्यात काय काढायचं आणि काय ठेवायचं हे मार्चमध्ये सांगा. विसर्जनाच्या व्यवस्थेवर जूनमध्ये बोला, भाद्रपदात नको. आणि विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींची मुदत चुकवू नका, त्या काळात समितीने बाकी काहीही केलं नाही तरी चालेल. आराखड्याच्या नकाशावर ओढा दाखवलेला नसेल तर कायद्याच्या डोळ्यांत तिथे ओढा नाही. जुना गाव नकाशा आणि भूमापनाची मोजणी घेऊन बसा, नकाशावरचे ओहोळ एकेक करून आराखड्याशी ताडून पाहा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते कुठल्याही वृक्षारोपणापेक्षा ते शंभर पटींनी मोलाचं आहे.

वृक्षारोपणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. समितीला ‘काही तरी दाखवायला’ हवं असतं आणि खड्डे खणणं सगळ्यांत सोपं. पण सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवर, आणि पूर्वेच्या माळरानांवर झाडं लावणं म्हणजे तिथल्या मूळ जीवनावर घाव आहे. सड्यावर दोन बोटं मातीत पावसाळ्यातली फुलं येतात, माळावर धाविक, चंडोल, खोकड राहतात. त्यांना सावली नको, मोकळी जमीन हवी. तिथे ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावून आपण हिरवाईचे आकडे भरतो. ‘इथे लावू नका’ असा सल्ला देणारी समिती मला नेहमीच जास्त जाणती वाटते.

आता माहितीबद्दल. तुमच्या समितीचं मुख्य काम लोकजैवविविधता नोंदवही तयार करणं आहे. ही कल्पना डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. गावातल्या माणसांना त्यांच्या परिसराचं जे ज्ञान आहे ते त्यांच्याच नावाने लिहून ठेवावं आणि नियोजनात वापरावं, हा तिचा गाभा. प्रत्यक्षात काय झालं? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ९ ऑगस्ट २०१९ रोजी सर्व राज्यांना समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली आणि त्यानंतर दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. हेतू चांगला होता. पण महाराष्ट्रात हजारो ग्रामपंचायती, आणि हातात महिने मोजके. संस्थांना कामं वाटली गेली, आणि अनेक नोंदवह्यांत शेजारच्या गावाच्या याद्या जशाच्या तशा उतरल्या. मी कोरड्या तालुक्यातल्या नोंदवह्यांत सदाहरित जंगलातल्या वनस्पती वाचल्या आहेत.

तुमच्या नगरपरिषदेचीही नोंदवही कपाटात असेल. ती बाहेर काढा, समितीत वाचा, आणि जे आपल्याकडे नाही ते लाल शाईने खुणा करून काढा. मग खरी नोंदवही सुरू करा. त्यासाठी पदव्या लागत नाहीत. तळ्यावर जाळं टाकणाऱ्या भोई कुटुंबाला विचारा: तिलापिया हा बाहेरचा मासा पहिल्यांदा कधी आला, कोणता मासा त्यानंतर दिसेनासा झाला? गुराख्याला विचारा कुठल्या झऱ्याला चैत्रापर्यंत पाणी असतं. भाजीवाल्या बाईंना विचारा कुर्डू, टाकळा, शेवळं कुठून आणतात आणि ती जागा आता उरली आहे का. ही माणसं सांगतात ती माहिती कुठल्याही सल्लागार कंपनीच्या अहवालात नसते.

त्याच्या जोडीला थोडी मापं घ्या. तळ्याच्या काठावर एक पट्टी रंगवून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाण्याची पातळी लिहा. काळ्या-पांढऱ्या रंगाची तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजा, गढूळपणाचं हे जगभर वापरलं जाणारं माप आहे. ओढ्याचे फोटो एकाच ठिकाणाहून, एकाच दिशेने, तारखेसह काढा आणि रुंदी टेपने मोजून लिहा. शाळेतली मुलं हे आनंदाने करतात. दोन पावसाळे गेले की तुमच्याकडे असं काही असतं जे नगरपरिषदेकडे नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नाही. तेव्हा बैठकीत तुम्ही ‘ओढा अरुंद होतोय असं वाटतं’ म्हणत नाही, पुलाखालची रुंदी किती होती आणि किती झाली ते फोटोंसह सांगता.

नोंदवहीतलं सगळं जाहीर करू नका, हेही महत्त्वाचं. दुर्मिळ औषधी वनस्पती नेमकी कुठल्या कड्यावर आहे, वैदू कुठलं मूळ कशासाठी वापरतो, घुबडाचं घरटं कुठे आहे, हे लोकांनी विश्वासाने सांगितलेलं असतं. तो भाग वेगळा, कुलुपात. सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय तो कुणालाही द्यायचा नाही, वरिष्ठ कार्यालयाने मागितला तरी आधी समितीत ठराव करायचा.

अशी नोंद किती कामाला येते ते सिंधुदुर्गात दिसतं. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी देवळाच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली, शिस्टुरा हिरण्यकेशी. तिचं वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं आणि लगेच २०२१ मध्ये अवघं २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित झालं. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल अशीच वारसा स्थळ झाली, तीही जेमतेम अडीच हेक्टर. तिथली देवराई गावाने पिढ्यान् पिढ्या सांभाळली होती. असं स्थळ घोषित करताना राज्य सरकारने स्थानिक संस्थांचा विचार घ्यायचा असतो, कलम ३७ तसं सांगतं. तुमच्या शहरात एवढी दुर्मिळ गोष्ट नसेलही. पण जळगावजवळचं लांडोरखोरी आणि पुण्याचं गणेशखिंड उद्यानही त्या यादीत आहेत, आणि ती शहराला लागूनच किंवा शहरातच आहेत. तेव्हा ‘आमच्याकडे काय असणार’ असं म्हणून थांबू नका.

स्वतःच्या माहितीचं बळ किती, याचं मला सर्वांत जास्त शिकवून गेलेलं उदाहरण अलास्कातलं आहे. २४ मार्च १९८९ ला एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळलं आणि चार कोटी लिटरच्या आसपास कच्चं तेल समुद्रात गेलं. मच्छीमार, आदिवासी गावं, छोटी शहरं उघड्यावर पडली. त्यांनी मागणी केली की तेलाच्या कारभारावर आमची कायमची नजर हवी. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या सलम व्हो तेल बंदरात स्थानिकांना अशी जागा होती, तो नमुना त्यांनी उचलला. १९९० च्या अमेरिकी कायद्याने नागरिकांच्या प्रादेशिक सल्लागार परिषदांना मान्यता दिली. त्यांपैकी प्रिन्स विल्यम साउंडच्या परिषदेला एकही परवाना देता किंवा नाकारता येत नाही. तिचे संचालक आणि तांत्रिक समित्यांवरचे लोक स्वयंसेवक आहेत. पण पाइपलाइनमधून तेल वाहतंय तोवर ती चालवणाऱ्या कंपनीने परिषदेला पैसे द्यायचे आणि कामात ढवळाढवळ करायची नाही, असा करार आहे. त्या पैशातून परिषद स्वतःचे शास्त्रज्ञ नेमते. व्हाल्डेझ गावातल्या तेलाच्या टर्मिनलवरून हवेत जाणाऱ्या बेंझिन या घातक रसायनाबद्दल कंपनीच्या अभ्यासाचा निष्कर्ष परिषदेला पटला नाही, तिने वेगळा अभ्यास करून घेतला. पुढे जहाज भरताना निघणारी वाफ पकडणारी यंत्रणा तिथे बसली. खडकाजवळच्या बेटावर हिमखंड टिपणारं रडार उभं राहिलं त्यामागेही याच परिषदेचा पाठपुरावा होता.

आपल्याकडे हा पैसा नाही, हे मी जाणतो. बहुतेक समित्यांचा स्थानिक जैवविविधता निधी रिकामा असतो. म्हणून अर्थसंकल्पात समितीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष मागा, रक्कम लहान असली तरी. पाणी तपासायला, दोन नकाशे छापायला, बैठकीला येणाऱ्या गुराख्याची बुडालेली मजुरी द्यायला तेवढं पुरतं. कंत्राटदाराकडून किंवा ज्या कारखान्याचं सांडपाणी तुमच्या ओढ्यात येतं त्याच्याकडून थेट देणगी मात्र घेऊ नका. अलास्कात कंपनी पैसे देते ते कराराने, बंधन म्हणून देते. मर्जीने दिलेला पैसा मर्जी मागतो.

आपल्याच राज्यात दात असलेली संस्थाही होऊन गेली आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, तिथल्या नागरिकांनी आणि पर्यावरणप्रेमींनी लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झालं. त्याने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारलं. औष्णिक वीज केंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला १९९९ मध्ये सांगितलं. ती बसायला २००७ उजाडलं, मधे ३०० कोटींची बँक हमी मागावी लागली. चिकूच्या बागायतदारांच्या आणि मच्छीमारांच्या तक्रारी तिथे ऐकल्या जायच्या. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये वाढवणला ना-हरकत दिली. अधिकार असलेल्या संस्थेचंही वजन तिच्यात बसणाऱ्या माणसांवर आणि बाहेरच्या लोकांच्या जागरूकतेवर किती अवलंबून असतं ते यातून दिसतं. म्हणून अधिकार मिळाले की सगळं होईल या आशेवर थांबू नका.

समितीत कोण आहे तेही पाहा. २००४ च्या केंद्रीय नियमांत एक तृतीयांश महिला आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य सांगितले होते, २०२३ च्या दुरुस्तीनंतर सदस्यसंख्या ७ ते ११ आहे. यादीत ते भरलेलं असतं. प्रत्यक्षात बोलतात ते डॉक्टर, निवृत्त प्राध्यापक आणि पक्ष्यांचे फोटो काढणारे. ही मंडळी हवीतच. पण नाल्यात उतरणारा सफाई कामगार, भोई, धनगर, पाण्यावर धुणं धुणाऱ्या बाया यांच्यापैकी कुणी नसेल तर समितीला शहराचा अर्धा भाग दिसतच नाही. त्यांना सदस्य करता आलं नाही तर निमंत्रित करा, आणि बैठक सकाळी अकराला कार्यालयात ठेवू नका, संध्याकाळी तळ्यावर ठेवा. दुसरं, रोपवाटिकेचा मालक किंवा बांधकाम करणारा सदस्य असेल तर त्याच्या हितसंबंधाचा विषय आला की त्याने सांगून बाहेर बसायचं, हा नियम पहिल्याच बैठकीत करा. नंतर केला तर तो माणसावर जातो.

जाणकारांनी कुठे थांबावं, याचा धडा मला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने दिला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं हे गोंडांचं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते महाराष्ट्राला माहीत झालं. तिथे ग्रामसभा आणि अभ्यासगट वेगळे आहेत. अभ्यासगटात बाहेरचा वनाधिकारी, वकील, वनस्पतिशास्त्रज्ञ कुणीही येऊन बसतो, हवं तेवढं बोलतो. निर्णय मात्र ग्रामसभेतच, गावकऱ्यांचा, सर्वसहमतीने. अभ्यास करणाऱ्याला निर्णयाची घाई नसते आणि निर्णय घेणाऱ्याला अभ्यासाशिवाय बसावं लागत नाही. याच रीतीने त्यांनी वनहक्क कायदा वाचला, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकारही. नगरपरिषदेच्या शहरात हे तसंच्या तसं होणार नाही. पण समितीभोवती एक खुला अभ्यासगट तुम्ही आजही सुरू करू शकता. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. महिन्यातून एकदा वाचनालयात बसा, एकच विषय घ्या. एका शहरात अशा गटाने घनकचऱ्याच्या निविदेची कागदपत्रं माहिती अधिकारात मिळवून तीन महिने वाचली. समितीच्या बैठकीत त्यातून फक्त चार प्रश्न विचारले गेले, आणि चारही प्रश्नांना उत्तर द्यावं लागलं.

तुम्ही विचारलेला शेवटचा प्रश्न राजीनाम्याचा. मी तीन कसोट्या लावतो. वर्षभर लेखी मागूनही इतिवृत्त मिळत नसेल, न झालेल्या बैठकांवर तुमच्या सह्या मागितल्या जात असतील, किंवा ज्या निर्णयाची माहितीच तुम्हाला दिली नाही त्यावर ‘समितीची मान्यता’ असा शिक्का बसत असेल, तर बाहेर पडा, आणि कारणं लिहून, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला पाठवून बाहेर पडा. तुमचं नाव चुकीच्या कामाची ढाल होता कामा नये. पण नुसता सल्ला फेटाळला जातो म्हणून जाऊ नका. कारण देऊन फेटाळला असेल तर तुमची समिती चालू आहे.

आत्तासाठी एवढं करा: पुढच्या बैठकीच्या आठ दिवस आधी सचिवांना पत्र द्या. त्यात मागील सगळ्या बैठकांचं इतिवृत्त, तळ्याच्या सुशोभीकरणाचं अंदाजपत्रक आणि ओढ्याच्या कामाचा नकाशा मागा. सुशोभीकरणात काठाभोवती सलग भिंत, पेव्हर ब्लॉक आणि कारंजं असेल, बहुधा असतंच. बेडूक, करकोचे, तुतवार यांना लागतो तो उथळ चिखलाचा काठ त्या भिंतीखाली जातो. निदान एक बाजू मातीची ठेवा, तिथे पाणकणीस आणि लव्हाळे वाढू द्या, फिरायची वाट पाण्यापासून मागे घ्या, रात्रीचे दिवे पाण्याकडे तोंड करून लावू नका. एवढ्या बदलाने खर्च वाढत नाही, कमी होतो, आणि हे वाक्य पत्रात जरूर घाला. निविदा निघाली आहे का ते आधी शोधा. निघालेली नसेल तर हे पत्र उद्याच जाऊ द्या.